कवटी, कणा आणि बरगड्या: पहिल्या वर्षाला ही हाडं कशी शिकायची

वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळाला की पहिल्या काही आठवड्यांतच हाडं हातात पडतात. एमबीबीएस असो, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग, यातून सुटका नाही. हातापायांची हाडं मुलं त्यातल्या त्यात लवकर आत्मसात करतात. गाडी अडते ती कवटी, कणा आणि बरगड्यांपाशी. मणके सगळे एकसारखे वाटतात, बरगडी उजवी की डावी ते उमगत नाही, आणि कवटी उलटी केली की नुसती भोकंच भोकं दिसतात. दरवर्षी ज्युनिअर मुलं परीक्षेच्या तोंडावर याच तक्रारी घेऊन येतात, म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी मोजणी डोक्यात बसवा. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी ८० हाडं या मधल्या सांगाड्यात, म्हणजे अ‍ॅक्सियल स्केलेटनमध्ये येतात. कवटीची २२ (मेंदूभोवतीची ८ आणि चेहऱ्याची १४), दोन्ही कानांतली मिळून ६ चिमुकली हाडं, गळ्यातलं हायॉइड १, कण्याची २६, बरगड्या २४ आणि छातीच्या मधलं स्टर्नम १. बीएएमएसच्या मुलांना रचना शारीरात, म्हणजे आयुर्वेदातल्या शरीररचनेच्या विषयात, वेगळे आकडे भेटतील: चरकसंहितेत ३६०, सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राप्रमाणे ३००. त्यात गोंधळण्यासारखं काही नाही. तिथे दातही हाडांत धरले आहेत, चरकाने नखंही धरली आहेत, आणि सुश्रुताच्या 'तरुण' प्रकारात आपण ज्याला कूर्चा म्हणतो तेही येतं. प्रश्न कुठल्या विषयाचा आहे ते पाहून उत्तर द्या.

पुढे जे काही सांगणार आहे त्याचा गाभा एवढाच: हाडावरची कुठलीही खूण उगाच नसते. तिथून काहीतरी आरपार जातं, तिथे काहीतरी टेकतं किंवा काहीतरी चिकटतं. खूण दिसली की "इथे काय असेल?" हा प्रश्न आधी स्वतःला विचारा, मग पुस्तक उघडा. उलट्या क्रमाने केलं तर पानं पाठ होतात आणि हाड अनोळखीच राहतं.

१. सामान आणि कागदपत्रं

- बोन सेट. बहुतेक ठिकाणी सीनिअरकडून ज्युनिअरकडे जातो. त्याआधी आपल्या अ‍ॅनाटॉमी विभागात चौकशी करा, कारण बऱ्याच कॉलेजांत आय-कार्डवर आणि रजिस्टरमध्ये सही करून हाडं अभ्यासाला मिळतात.
- कवटी ठेवायला जुन्या सुती कापडाची चुंबळ.
- प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक, लवचीक तार.
- लाल, निळी आणि पिवळी लोकर. धमनी, शीर आणि मज्जातंतू दाखवायला.
- धूळ काढायला मऊ ब्रश.
- अ‍ॅप्रन, जर्नल, चांगला रंगीत अ‍ॅटलस, म्हणजे शरीररचनेच्या चित्रांचं पुस्तक.

खरी हाडं कुठून घ्यायची याबाबत काटेकोर राहा. एके काळी भारतातून मानवी सांगाडे फार मोठ्या प्रमाणावर परदेशी जात, आणि त्या व्यापारातले गैरप्रकार वाढल्यावर १९८५ मध्ये निर्यातीवर बंदी आली. आजही "कुठून आलं ते विचारू नका" असं म्हणणाऱ्याकडून हाड घेऊ नये. विभागाकडून घ्या किंवा कॉलेजच्याच सीनिअरकडून, विभागाला सांगून. सुट्टीत बोन सेट घरी न्यायचा असेल तर आधी परवानगी आणि विभागाचं पत्र घ्या. एसटी स्टँडवर किंवा रेल्वेत बॅग तपासली गेली आणि आत कवटी निघाली, तर तोंडी खुलाशाने भागत नाही.

फायबरचा सेट घेतला तरी चालतो, पण एक लक्षात ठेवा: स्वस्त मॉडेलमध्ये लहान भोकं अनेकदा आरपार नसतात, नुसते खळगे असतात. मणके आणि बरगड्यांसाठी तो ठीक आहे. कवटीचा तळ मात्र निदान काही वेळा खऱ्या हाडावर पाहाच.

२. हाड हातात घेताना

हे कुणाचं तरी शरीर आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार वैद्यकीय शिक्षणासाठी देह मिळतात आणि स्वेच्छेने देहदान करणारेही अनेक आहेत. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात मृतदेहाला 'पहिला शिक्षक' मानणारा स्वतंत्र भाग आहे, तो मनापासून करा. हाडांसोबत सेल्फी नको, हॉस्टेलच्या खिडकीत मांडून ठेवणं नको, हाडावर पेनाने लिहिणं तर मुळीच नको.

कवटी नेहमी दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन उचलायची. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून किंवा गालाच्या कमानीला धरून कधीच नाही. खोबणीची आतली भिंत कागदासारखी पातळ असते आणि एकदा फुटली की गेली. टेबलावर ठेवताना चुंबळीवर ठेवा. तसं केलं नाही की स्टायलॉइड प्रोसेस, म्हणजे कानाखालचा बारीक सुळका, मोडते. म्हणूनच सेटमधल्या कितीतरी कवट्यांना ती नसते. मग व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ती जागा ओळखायची कशी? कानामागचा मॅस्टॉइडचा उंचवटा धरा आणि त्याच्या आतल्या बाजूला, जरा पुढे, बारीक भोक शोधा. ते स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन (फोरामेन म्हणजे भोक), चेहऱ्याची नस, म्हणजे मज्जातंतू, तिथून बाहेर पडते. त्याच्या लगेच पुढे मोडलेल्या टोकाचा बुंधा सापडतो.

३. आधी हाड शरीरात असतं तसं धरा

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका. परीक्षक हाड हातात देतात तेव्हा तुम्ही ते कसं धरता हेच आधी पाहतात.

कवटीसाठी नियम ठरलेला आहे: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या बाह्य छिद्राची वरची कड एका आडव्या पातळीत आली पाहिजे. याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. मुलं बहुतेकदा कवटी हनुवटी वर करून धरतात, ते टाळा. मणक्याचा जाड गोल भाग, म्हणजे बॉडी, पुढे आणि काटा मागे. वरची-खालची बाजू कळत नसेल तर मणका बाजूने पाहा. पेडिकलच्या, म्हणजे बॉडीपासून मागे निघणाऱ्या आखूड खांबाच्या, वर आणि खाली खाच असते, त्यातली खोल खाच खालची.

४. कण्यापासून सुरुवात करा

माझं ठाम मत आहे की कवटीने सुरुवात करू नये. मणका लहान असतो, हातात मावतो, आणि त्यावर पाहायची सवय लागली की पुढचं सगळं हलकं होतं.

जन्माच्या वेळी मणके ३३ असतात: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाचे) ५ आणि माकडहाडाचे ४. मोठेपणी त्रिकास्थीचे पाच जुळून एक आणि माकडहाडाचे चार जुळून एक होतं, म्हणून २६. हे दोन आकडे कुठे कुठला सांगायचा ते पक्कं करा, कारण प्रश्न नेमका तिथेच येतो.

सुटा मणका हातात आला की हे प्रश्न याच क्रमाने विचारा:

आडव्या फाट्यात, म्हणजे ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये, भोक आहे का? असेल तर मणका मानेचा. भोक नाही, पण बॉडीच्या बाजूला बरगडी टेकण्याची गुळगुळीत जागा आहे का? असेल तर छातीचा. दोन्ही नाही? मग कमरेचा.

बस, एवढंच. काट्याची लांबी, बॉडीचा आकार, मधल्या मोठ्या छिद्राचा आकार हे सगळं पुराव्यादाखल सांगायचं, निर्णय मात्र या दोन खुणांवर घ्यायचा. मुलं उलटं करतात. बॉडी मोठी दिसली की कमरेचा म्हणून मोकळी होतात, आणि टी-१२ ला, म्हणजे छातीच्या बाराव्या मणक्याला, फसतात (सी म्हणजे मानेचा, टी छातीचा, एल कमरेचा). तो आकाराने कमरेच्या मणक्यासारखाच असतो, खालचे सांधेही तसेच बाहेरच्या बाजूला वळलेले, पण बॉडीवर बरगडीची खूण असते.

आता मानेचे खास मणके. सी-१, अ‍ॅटलस: ना बॉडी, ना काटा, नुसतं कडं. वरचे दोन सांधे लांबट आणि खोलगट, कारण त्यात कवटी बसते. खालचे गोल आणि सपाट. हे ध्यानात असेल तर अ‍ॅटलस उलटा धरला जाणार नाही. सी-२, अ‍ॅक्सिस: वर आलेल्या सुळक्यावरून, डेन्सवरून, लगेच कळतो. 'हो' म्हणताना मान हलते ती मुख्यतः कवटी आणि अ‍ॅटलसच्या सांध्यात, 'नाही' म्हणताना अ‍ॅटलस आणि अ‍ॅक्सिसच्या. हे करून पाहा, दोन्ही हाडं हातात धरून. सी-७ चा काटा लांब असतो आणि मान खाली घातली की मानेच्या मुळाशी बोटाला लागतो. पाठीवर मणके मोजायला सुरुवात तिथूनच करायची. सापळा असा, की सी-७ ला भोक असतं पण व्हर्टिब्रल धमनी त्यातून जात नाही. ती साधारणपणे सी-६ मध्ये शिरते.

छातीच्या मणक्यांत टी-१, टी-९, टी-१०, टी-११ आणि टी-१२ वेगळे. बाकीच्यांवर दर बाजूला वर अर्धी आणि खाली अर्धी अशा दोन खुणा असतात, कारण बरगडीचं डोकं दोन मणक्यांच्या सांध्यावर बसतं: आपल्या नंबरच्या आणि त्याच्या वरच्या. सहावी बरगडी टी-६ आणि टी-५ वर. टी-११ आणि टी-१२ वर एकच पूर्ण खूण असते, आणि त्यांच्या आडव्या फाट्यांवर बरगडीची खूण नसते.

कमरेच्या मणक्यांत एल-५ ओळखायला शिका. त्याचे आडवे फाटे आखूड, जाड आणि बॉडीपर्यंत पसरलेले असतात. इथेच एक गोष्ट आयुष्यभरासाठी शिकून घ्या. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल-१ च्या खालच्या कडेपाशी संपतो. म्हणून पाठीतून पाणी काढताना सुई एल-३ आणि एल-४ च्या मध्ये किंवा एल-४ आणि एल-५ च्या मध्ये घालतात. कमरेवर हात ठेवला की दोन्ही बाजूंचे हाडांचे कंगोरे लागतात. त्यांचे सर्वांत वरचे बिंदू जोडणारी रेषा एल-४ वरून जाते. रूममेटच्या पाठीवर शोधा, तिथे सापडलं की वॉर्डातही सापडेल.

त्रिकास्थीत भोकांच्या जोड्या मोजा, त्या चार असायला हव्यात. पाच दिसल्या तर कमरेचा किंवा माकडहाडाचा मणका जोडला गेला असणार. अशी हाडं सेटमध्ये येतात, त्यामुळे दिसलं तर घाबरू नका, तसं सांगा.

एक व्यावहारिक सूचना: दोरीत ओवलेल्या मणक्यांच्या क्रमावर विश्वास ठेवू नका. सेट अनेक हातांतून गेलेला असतो. दोरी सोडा, मणके मिसळा आणि स्वतः लावा. टेबलावर पूर्ण कणा उभा राहिला की कण्याचे बाकही दिसतात. छातीचा आणि त्रिकास्थीचा बाक जन्मतःच असतो. मानेचा बाक बाळ मान धरू लागलं की नीट तयार होतो, कमरेचा बसू-चालू लागल्यावर.

५. बरगड्या आणि स्टर्नम

बरगडीची बाजू ठरवायला तीन गोष्टी पुरतात: डोकं असलेलं टोक मागे, फुगीर बाजू बाहेर, आणि आतल्या अंगाची लांब खोबण, कॉस्टल ग्रूव्ह, खाली. या तिन्ही जुळवून बरगडी स्वतःच्या छातीला लावून पाहा, उजवी-डावी आपोआप कळते.

त्या खोबणीत वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू या क्रमाने असतात. तीन रंगांची लोकर त्यात ठेवून पाहा. फुप्फुसाबाहेर साठलेलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून का घालतात, ते मग घोकावं लागत नाही.

पहिली बरगडी या नियमात बसत नाही, आणि परीक्षेत हमखास तीच येते. ती सर्वांत आखूड, रुंद आणि सर्वांत वाकलेली. तिला कॉस्टल ग्रूव्ह नाही, आणि पृष्ठभाग वर-खाली असतात. सपाट टेबलावर ठेवून बघा: खालची बाजू खाली असेल तर दोन्ही टोकं टेबलाला टेकतात. वरच्या पृष्ठभागावर दोन उथळ खोबणी आणि मध्ये एक उंचवटा दिसेल. उंचवट्याच्या पुढे सबक्लेव्हियन शीर, मागे सबक्लेव्हियन धमनी आणि हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा खालचा गठ्ठा. बारीक खडू घेऊन उंचवटा हलकेच रंगवा, नंतर ब्रशने झाडून टाका.

वर्गीकरण पाठच करावं लागेल: १ ते ७ खऱ्या, ८ ते १२ खोट्या, त्यांतल्या ११ आणि १२ तरंगत्या. ठराविक घडणीच्या म्हणजे टिपिकल बरगड्या ३ ते ९. 'खरी' आणि 'टिपिकल' या वेगळ्या याद्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

स्टर्नमवर एकच खूण अशी आहे की ती डोळे मिटून सापडली पाहिजे. गळ्याच्या खळगीतून बोट खाली सरकवा, थोड्याच अंतरावर आडवा उंचवटा लागतो. तो स्टर्नल अँगल. दुसऱ्या बरगडीची कूर्चा तिथेच जोडलेली असते, आणि मागे टी-४ व टी-५ मधली चकती. बरगड्या नेहमी इथून मोजायच्या. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असल्याने वरून मोजायला गेलात की हिशेब चुकतो.

६. कवटी, आधी बाहेरून

पाच बाजूंनी पाहा: वरून, समोरून, मागून, बाजूने आणि खालून. प्रत्येक बाजूला एक दिवस द्या, घाई नको.

वरून सांधे पाहा. कपाळाचं हाड आणि दोन्ही पॅरायटल (डोक्याच्या वरच्या बाजूंची हाडं) यांमधला कोरोनल, दोन पॅरायटलांमधला सॅजिटल, मागचा लॅम्बडॉइड. कोरोनल आणि सॅजिटल मिळतात ती जागा ब्रेग्मा. घरात बाळाची टाळू तेलाने भरताना पाहिली असेल, तीच ही जागा. साधारण दीड वर्षापर्यंत ती मऊ असते. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं की ती खोल जाते, म्हणून लहान मुलांचे डॉक्टर आधी तिथे बोट ठेवतात.

बाजूने पाहताना कानशिलावर थांबा. कपाळाचं हाड, पॅरायटल, टेम्पोरल (कानाजवळचं हाड) आणि स्फिनॉइडचा (कवटीच्या तळातल्या हाडाचा) मोठा पंख ही चार हाडं जिथे एकत्र येतात तो टेरियॉन. कवटी आतून उजेडात धरली तर इथलं हाड किती पातळ आहे ते दिसतं, आणि आतल्या बाजूला मिडल मेनिंजियल धमनीची खोबणही. कानशिलावर मार बसून ही धमनी फुटली की हाड आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साठतं. सुरुवातीला शुद्धीवर असलेला, बोलणारा रुग्ण काही तासांत बेशुद्ध होऊ शकतो. व्हायवात टेरियॉन विचारला तर ही धमनी सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

७. कवटीचा तळ आणि भोकं

इथे मुलं हात टेकतात, म्हणून सावकाश.

वरचं झाकण काढून आत पाहा. तीन पायऱ्या आहेत, पुढची उंच, मागची खोल. आधी एकच हाड ओळखा: मध्यभागी पंख पसरलेलं स्फिनॉइड. त्याच्या मोठ्या पंखावर पुढून मागे चंद्रकोरीसारख्या ओळीत चार वाटा आहेत: सुपीरियर ऑर्बिटल फिशर, रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम. रोटंडममधून मॅक्सिलरी नस, ओव्हेलमधून मँडिब्युलर नस, स्पायनोसममधून तीच मिडल मेनिंजियल धमनी, जिची खोबण तुम्ही कानशिलाच्या आत पाहिलीत. स्पायनोसमपासून त्या खोबणीवर बोट फिरवत टेरियॉनपर्यंत जा. दोन वेगळ्या धड्यांतल्या गोष्टी एकाच रेषेवर येतात.

आता तार घ्या. आतून ओव्हेलमध्ये घाला, ती सरळ खाली उतरते. स्पायनोसममधूनही तसंच. मग रोटंडममध्ये घाला. ती खाली येणारच नाही, पुढे चेहऱ्याच्या हाडांमागच्या फटीत जाईल. म्हणून कवटी उलटी करून रोटंडम शोधत बसू नका, तळातून ते दिसत नाही. या प्रश्नावर भलेभले अडकतात. कॅरॉटिड कॅनॉलमध्ये, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीच्या बोगद्यात, खालून तार घाला. ती आधी वर जाते, मग वळून पुढे आणि आत. जवळच्याच लॅसेरम नावाच्या भोकातून कॅरॉटिड आरपार जाते असं सांगू नका. जिवंतपणी लॅसेरमचा खालचा भाग कूर्चेने भरलेला असतो आणि धमनी त्याच्या वरून जाते.

मागच्या पायरीत तीन जागा वरून खाली: इंटर्नल अकॉस्टिक मीएटसमध्ये (मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या क्रमाने) सातवी आणि आठवी नस, जुगुलर फोरामेनमध्ये नववी, दहावी आणि अकरावी, हायपोग्लॉसल कॅनॉलमध्ये बारावी. आकडे ओळीनेच येतात. दोन्ही बाजूंचे जुगुलर फोरामेन सारखे नसतील, उजवा बहुतेकदा मोठा असतो. त्याला हाडाचा दोष समजू नका.

८. जबडा आणि हायॉइड

जबड्याच्या आतल्या बाजूला मँडिब्युलर फोरामेन, बाहेर हनुवटीच्या बाजूला मेंटल फोरामेन. आत शिरलेली नस खालच्या दातांना फाटे देते आणि तिचाच एक फाटा बाहेर येतो. म्हणून दातांचे डॉक्टर आत इंजेक्शन देतात आणि ओठ बधिर होतो. वयही इथून सांगता येतं: बाळात मेंटल फोरामेन खालच्या कडेजवळ, तरुणपणी मध्यावर, दात पडून हाड झिजल्यावर वरच्या कडेजवळ.

हायॉइड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं. गळा दाबल्याच्या प्रकरणांत ते मोडलेलं असू शकतं, त्यामुळे फॉरेन्सिकमध्ये पुन्हा भेटेल.

९. स्पॉटर आणि व्हायवा

उत्तराचा क्रम ठरवून ठेवा: हाडाचं नाव, बाजू, शरीरातली स्थिती धरून दाखवणं, मग खुणा. बाजू सांगताना कारणही द्या. मराठी माध्यमातून आलेल्यांनी उच्चारांची धास्ती घेऊ नये. रोज मित्राला हाड दाखवून मोठ्याने नाव घ्या, मनात वाचलेली नावं ऐन वेळी जिभेवर येत नाहीत. दाखवताना तारेचं टोक किंवा बोट वापरा, पेन नको. स्पॉटरमध्ये, म्हणजे बाणाने दाखवलेली खूण ओळखून लिहायच्या परीक्षेत, बाण नेमका कशावर आहे ते वाकून पाहा. बाण खोबणीवर असताना शेजारच्या उंचवट्याचं नाव लिहून मार्क जातात.

परीक्षा झाल्यावर सेट परत करताना यादी करून मोजा. हायॉइड, माकडहाड आणि सुटे दात सर्वांत आधी हरवतात, ते वेगळ्या कापडी पिशवीत घालून कवटीच्या डब्यातच ठेवा, आणि रजिस्टरमध्ये परतीची सही झाल्याशिवाय विभागातून निघू नका.